खोडापासून लांब

शेवंतीची कळी रंग सांगायला फार वेळ लावते. दिवाळीच्या सुमारास ती वाटाण्याएवढी होते आणि मग दोन-तीन आठवडे तशीच राहते, हिरवी, घट्ट, कोणालाही काही न सांगणारी. मग एका सकाळी तिच्या डोक्यावर बारीक भेग पडते आणि भेगेत दोऱ्याएवढी एक रेघ दिसते. तोच रंग. पुढे फुलतं ते त्या रेघेचंच फूल.

गेल्या हिवाळ्यापर्यंत मी ही रेघ कधी शोधली नव्हती. शोधण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या घरची शेवंती पिवळी, हे आमच्या आडनावाइतकंच ठरलेलं होतं. यंदा मात्र कोणत्या कुंडीत कोणता रंग येईल ते ठाऊक नाही, म्हणून मी रोज सकाळी शाल गुंडाळून दाराबाहेर येते. धुरक्यामुळे समोरच्या क्वार्टरांची ओळ तिसऱ्या जिन्याशीच संपते. घसा खवखवत असतो. चष्मा कपाळावर चढवून मी एकेका कळीवर वाकते. आतून बाबा विचारतात, "दिसलं का काही?"

"अजून नाही."

"हं," ते म्हणतात, आणि पेपरचं पान उलटल्याचा आवाज येतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरात जे झालं ते लिहून ठेवावं असं मी वर्षभर म्हणते आहे. या कळ्या उमलायच्या आत ते व्हावं.

दिल्लीच्या आर. के. पुरममधलं हे आमचं दुसरं सरकारी क्वार्टर. पहिलं बाबांच्या नोकरीचं होतं. ते निवृत्त झाल्यावर सोडावं लागलं. मग काही वर्षं भाड्याच्या घरात काढली, आणि मला मंत्रालयाच्या ग्रंथालयातल्या नोकरीवर घर मिळालं ते पुन्हा याच कॉलनीत, फक्त सेक्टर वेगळा. तळमजला, दारापुढे दोन खाटा मावतील एवढी जमीन. आईने घराच्या खोल्या बघायच्या आधी ती जमीन बघितली. "ऊन कुठून येतं?" एवढंच तिने विचारलं. दोन्ही वेळा सामानाच्या ट्रकमध्ये कुंड्या शेवटी चढल्या आणि सगळ्यांत आधी उतरल्या. ट्रकवाला वैतागून म्हणाला होता, "माताजी, सोफा धूप में पड़ा है." आई म्हणाली, "सोफे को जड़ें नहीं होतीं, भैया."

शेवंती अनेक वर्षं जगणारं झाड आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण कुंडीत ती तशी जगत नाही. जानेवारीत फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटायचं. मग बुंध्याशी नवे फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात. मुळासकट काशी सोडवून नव्या मातीत लावायची, जुनं खोड टाकून द्यायचं. दर वर्षी झाड नवं, आणि तरी तेच. ते आईतून मुलगी जन्मावी तसं नसतं. तेच झाड स्वतःच्या अंगातून उठून शेजारच्या कुंडीत जाऊन बसतं. त्या हिशेबाने आमच्या दारातली शेवंती माझ्याहून वयाने मोठी आहे.

काश्या घेण्याचा आईचा एक नियम होता. खोडाला चिकटून आलेली काशी घ्यायची. खोडापासून लांब, मातीतून एकटीच वर आलेली घ्यायची नाही. लहानपणी मी विचारलं होतं, का?

"ती भलतीच निघते."

"भलतीच म्हणजे?"

"म्हणजे भलतीच. तू पाणी आण."

ती लांबची काशी ती दोन बोटांत धरून उपटायची, कुंपणापलीकडे टाकायची आणि लगेच हात धुवायची. एरवी मातीचे हात पदराला पुसून पोळ्या लाटायला बसणारी बाई. हे मला तेव्हा खटकलं नाही. मुलांना आईच्या सवयी हवामानासारख्या वाटतात. त्यांचं कारण असू शकेल हे फार उशिरा सुचतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, कंगवे लुटत. आई कागदी पेल्यातून शेवंतीच्या काश्या लुटायची. बायका हसायच्या. "वसुधाताई, पुढच्या वर्षी खत पण द्या बरोबर." हमीदाकाकू मिरजेच्या, त्यांचे मिस्टर मुलाणीकाका बाबांच्याच खात्यात होते. त्या दारातूनच ओरडायच्या, "वसू, मला कुंकू नको, माझी काशी काढून ठेव." आई त्यांच्या केसांत फूल खोचायची आणि हातात पेला द्यायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी आमच्या दारात ताम्हनं घेऊन मुली उभ्या असायच्या. एकेकीला मोजून पाच पिवळी फुलं मिळत.

आणि रेशन कार्ड. मी सातवीत असताना बाबांनी मला रेशनच्या दुकानात पाठवलं होतं. रांगेत उभी राहून कार्ड वाचत होते, कारण हातात दुसरं वाचायला काही नव्हतं. माझ्या नावाच्या वरच्या ओळीत एक नाव निळ्या शाईने खोडलेलं होतं आणि बाजूला कोणा अधिकाऱ्याची छोटी सही. नंदिनी. वय एक. घरी येऊन मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "क्लार्कची चूक," ती म्हणाली. बाबा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार. मी तशी शहाणी मुलगी होते. पुन्हा विचारलं नाही. पण क्लार्क चुकून एखाद्या घरात एक वर्षाचं मूल लिहीत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आईला इस्पितळात ठेवावं लागलं. सकाळी मी, दुपारी ऑफिस, संध्याकाळी पुन्हा मी. बाबा दिवसभर तिथेच बाकावर बसून. घरी आम्ही फक्त झोपायला यायचो. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. कुंड्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी म्हणते, पण ते खरं नाही. लक्षात यायचं. कुलूप काढताना रोज दिसायच्या. उद्या घालू पाणी, असं वाटायचं आणि मी आत जाऊन पडायची.

आई खाटेवरून विचारायची, "शेवंतीला पाणी घालतेस ना?"

"घालते."

"शेंडे खुडलेस?"

"खुडले."

"किती कुंड्या धरल्यास?"

"अकरा."

"फार झाल्या. आठ पुरेत. तुला झेपायच्या नाहीत."

तेव्हा अकराच्या अकरा वाळून कोळ झाल्या होत्या. खोड हातात धरलं तर मोडायचं. या खोटेपणाचं मला त्या वेळी फार काही वाटलं नाही, कारण आई घरी येणार, मग मी कबूल करणार आणि ती रागावणार, असं मी धरून चालले होते.

जुलैच्या सुरुवातीला एका कुंडीच्या अगदी कडेला, मेलेल्या खोडापासून चार बोटं लांब, एक हिरवा फुटवा मातीतून वर आला. एकच. नियम मला पाठ होता. पण पाळायला दुसरी काशी कुठे होती? मी त्याला सावलीत ठेवलं, दिवसातून दोनदा पाणी घातलं. आई त्याच महिन्यात गेली. तिचे दिवस झाले त्यानंतर मी त्या फुटव्याचे शेंडे खुडून वाळूत लावले. चार जगले, मूळ फुटवा धरून पाच कुंड्या झाल्या. कोणाला दाखवण्यासाठी ते मी करत होते कोण जाणे. जिला दाखवायचं ती तर नव्हती.

बाबा बोलायचे थांबले होते. रुसून नव्हे, बोलण्याची गरजच संपल्यासारखे. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी काही विचारलं तर माझ्याकडे बघायचे, जणू मी दुसऱ्या कोणाला विचारते आहे. चार महिने आमच्या घरात फक्त भांडी वाजली.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर ते अनवाणी कुंड्यांपुढे उभे होते. डोक्यावर कानटोपी, हातात काठी.

"मिनू," ते म्हणाले, "आली बघ."

पहिलं फूल अर्धं उघडलं होतं. पिवळं नव्हतं. विटकरी लाल होतं, कुंकू पाण्यात कालवून वाळू दिलं की जसं गडद होतं तसं. पाकळीची पाठ मात्र पिवळसर.  मला आधी भीती वाटली ती चोरी पकडली गेल्याची.

पण बाबा मला काही विचारत नव्हते. ते खाली बसले, पायरीवरच, आणि बोलू लागले.

नंदिनी त्यांची पहिली मुलगी. आर. के. पुरमच्या पहिल्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा ती रांगत होती. कॉलनीतल्या माळ्याने आईला एक कुंडी दिली होती, लाल गुलदाउदीची, म्हणजे शेवंतीचीच. नंदिनी रांगत जाऊन तिच्या पाकळ्या तोंडात घालायची आणि आई तिच्या गालात बोट घालून त्या बाहेर काढायची. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. संसदेचं अधिवेशन चालू होतं. बाबांच्या टेबलावर हातपंपांवरच्या एका प्रश्नाचं उत्तर होतं, राज्यांतून माहिती यायची होती, आणि उत्तर तयार झाल्याशिवाय कोणी जागेवरून हलायचं नाही अशी तंबी होती. "कॉलनीत फोन एकाच घरी. निरोप आला तो मला उशिरा कळला. मी आलो तेव्हा घरात बायका बसलेल्या होत्या."

आईने कुंडीतली सगळी फुलं कापली आणि तिच्याबरोबर पाठवली. एकही ठेवलं नाही.

"पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या एका खोडाला पिवळी फुलं आली," बाबा म्हणाले. "बाकी सगळं लाल, आणि मधेच एक खोड पिवळं. माळी म्हणाला, होतं असं कधी कधी. तुझ्या आईने त्या खोडाची काशी ठेवली, बाकी झाड उपटून टाकलं. तेव्हापासून पिवळीच. मला कळलं, तिला तो रंग डोळ्यांसमोर नको होता. माझ्यामुळे. मी वेळेवर आलो नाही म्हणून. ती कधी बोलली नाही हं. एका शब्दाने नाही. फक्त दर वर्षी पिवळी लावत राहिली."

मग ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"जाताना तुला सांगून गेली ना ती? ही लाव म्हणून?"

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. चहा गार झाला होता, दुसरा करून आणते, असं काहीतरी पुटपुटत आत गेले.

त्या दिवसापासून बाबा बाहेर खुर्ची टाकून बसू लागले. उन्हात, त्या पाच कुंड्यांसमोर. जेवताना दुसरी भाकरी मागू लागले. नंदिनीला पहिला दात कुठे आला, ती पंख्याला काय म्हणायची, हे सगळं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं त्यांच्या तोंडून येत होतं. शेजारचे पांडेजी म्हणाले, "अंकल तो बिल्कुल ठीक हो गए." मी हसून मान हलवली. घरात एक सुटकेचा वास होता, आणि त्याच्या मुळाशी माझा आळस होता. ज्या फुलाला ते क्षमा समजत होते ते मी पाणी न घातल्यामुळे आलेलं होतं. सकाळी दार उघडलं की ती लाल तोंडं माझ्याकडे बघायची. मी त्यांच्या बाजूने जायचं टाळू लागले. पेपर आणायला मागच्या दाराने वळसा घालून जायची.

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला दुःख झालं की तो पुस्तक काढतो. मी फुलशेतीवरची दोन धूळ खात पडलेली पुस्तकं काढली. त्यांत होतं ते असं: काही शेवंतींमध्ये झाडाची बाहेरची कातडी एका रंगाची होऊन बसते आणि आतला गाभा जुन्याच रंगाचा राहतो. खोडावरच्या डोळ्यांतून फूट आली तर ती कातडीसकट येते, म्हणून रंग तोच दिसतो. पण मुळातून एखादा फुटवा नव्याने उठला तर तो गाभ्यातून उठतो आणि जुना रंग घेऊन येतो. आणखी एक गोष्ट होती, ती मी दोनदा वाचली. विटकरी फुलात पिवळा असतोच, त्यावर लाल चढलेला असतो. तो लाल गळून गेला की फूल पिवळं दिसतं. म्हणजे आईचा पिवळा हा नवा रंग नव्हताच. लालातून एक गोष्ट वजा झाल्यावर जे उरलं, ते आम्ही मार्गशीर्षाच्या गुरुवारी ताम्हनात घेत होतो.

माळ्यांनाही ठाऊक नसलेलं हे आईने केवळ बोटांनी शोधून काढलं होतं. एखाद्या वर्षी चुकून लांबची काशी लावली गेली असेल, लाल फूल समोर आलं असेल, आणि मग तो नियम.

आता माझ्यापाशी बाबांची लाल होती आणि आईची पिवळी मी मारली होती. ती कुठेतरी जिवंत असली पाहिजे, एवढं एकच मनात घेतलं. कागदी पेले आठवले. त्यांतून काश्या नेणाऱ्या दोघींना फोन केले. एक मुलाकडे पुण्याला गेलेली, दुसरीने फ्लॅटमध्ये ऊन येत नाही म्हणून झाडंच सोडून दिलेली. हमीदाकाकू मुलाबरोबर दिल्लीबाहेर मानेसरला राहतात. मुलगा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. फोनवर त्या म्हणाल्या, "फोनवर काय विचारतेस? ये की."

शनिवारी मेट्रो संपते तिथवर गेले आणि पुढे शेअर ऑटो. रस्त्याच्या कडेला कंपन्यांच्या बसेस एकामागे एक उभ्या होत्या, त्यांच्या काचांवर धूळ, आत डोकी खिडकीला टेकवून झोपलेली माणसं. काकूंचं घर वरच्या मजल्यावर, गच्ची त्यांच्याच ताब्यात. गुडघे धरत धरत त्या माझ्या पुढे जिना चढल्या.

"तुझ्या आईच्या वेळेला येता आलं नाही मला," त्या जिन्यात थांबून म्हणाल्या. "डोळ्याचं ऑपरेशन होतं. अल्लाला माहीत, किती रडले."

गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पिवळी शेवंती ओसंडून फुलली होती. 

"घे, किती पाहिजे तेवढी घे," काकू म्हणाल्या. "पण तू नुसती पिवळीसाठी आलीस?"

"म्हणजे?"

"अच्छा. तुला माहीत नाही." त्यांनी पदराने खुर्ची पुसली, पण बसल्या नाहीत. "इकडे ये."

पाण्याच्या टाकीमागे तीन कुंड्या होत्या. विटकरी लाल.

"ह्या तुझ्या आईच्या. मी नुसती पाणी घालणारी."

एका वर्षी काकूंच्या कुंडीत लांबची काशी राहून गेली आणि लाल फुलली. त्यांनी आईला बोलावून दाखवली. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली ती दुपार उलटेपर्यंत उठली नाही. उठताना म्हणाली, "हमीदा, ही ठेवशील? माझ्याकडे नाही ठेवता यायची." तेव्हापासून दर डिसेंबरला एक दिवस ती यायची. काकू कॉलनीत होत्या तोवर चालत, मानेसरला आल्यावर मेट्रोने.

"घरी काय सांगायची?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर आठवलं. हमीदाकडे लोणचं घालायला जाते. गाजर, फुलकोबी, शलगम. संध्याकाळी बरणी घेऊन यायची आणि ते लोणचं आम्ही होळीपर्यंत खायचो.

"लोणचं मीच आदल्या दिवशी घालून ठेवायची," काकू म्हणाल्या. "एका वर्षी मीठ जास्त पडलं तर मलाच बोलली, माझ्या नावावर काय खपवतेस म्हणून."

आम्ही दोघी हसलो. मग मी विचारलं, "पण घरी का नाही ठेवायची? बाबांना तर..."

"तुझ्या बाबांसाठीच की. पहिल्या वर्षी लाल फुलं आली तेव्हा भाऊजी समोर ताट ठेवून नुसते बसायचे. घास उतरायचा नाही. वसू म्हणाली, ह्यांना तो रंग दिसला की जेवण जात नाही, माझं मी कुठेतरी बघून येईन. मी म्हटलं, अगं बोल तरी त्यांच्याशी. म्हणाली, काय बोलू? ते आधीच स्वतःला फाडून खातायत."

परतताना मांडीवर पिवळीची कुंडी होती. मेट्रोत समोरची मुलगी म्हणाली, "आंटी, कितने सुंदर हैं." मी खिडकीकडे तोंड केलं. चाळीसहून जास्त वर्षं दोन माणसं एका घरात राहिली, एका ताटातलं लोणचं खाल्लं, आणि दोघांनी एकमेकांसाठी तो रंग दारात येऊ दिला नाही. त्यांच्यामध्ये मी मोठी झाले. मला लहानपणापासून आमचं घर शांत वाटायचं. लोकही म्हणायचे, किती शांत माणसं तुम्ही.

सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं तर बाबांची क्षमा जाईल. त्याजागी जे येईल ते कसं असेल याची खात्री नव्हती. पुन्हा चार महिने भांडीच वाजली तर? पण ते रोज त्या फुलांशी आईचं नाव घेऊन बोलत होते, आणि आई तिथे नव्हती. ती टाकीमागे होती.

सोमवारी संध्याकाळी, उन्हं कलताना, मी त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाणी, अकरा कुंड्या, लांबची काशी. मग मानेसर. 

ते म्हणाले, "म्हणजे तिने काही सांगितलं नव्हतं."

"नाही."

"आणि ती दर वर्षी जायची."

"हो."

"मला का नाही नेलं तिने?"

 ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी ताट वाढून आणायची, ते अर्धं ठेवायचे. शुक्रवारी मी ऑफिसात बसून रडले, पुस्तकांच्या मांडणीमागे, आणि स्वतःला म्हटलं की तू तुझ्या मनाचं ओझं उतरवलंस आणि ते म्हाताऱ्या माणसावर ठेवलंस.

रविवारी सकाळी ते स्वतः दाढी करून, मफलर गुंडाळून दारात उभे होते.

"टॅक्सी बोलाव. मानेसरला जाऊ."

जिना चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. काकू वरून म्हणत होत्या, "भाऊजी, सावकाश. गच्ची कुठे पळून जात नाही." टाकीमागे सावली होती, थंडी होती. बाबांनी विचारलं, "कुठे बसायची?" काकूंनी जागा दाखवली. ते काठी टाकून तिथे जमिनीवर बसले. मला वाटलं आता ते कोसळतील. पण ते फुलांकडे बघतच राहिले, शाळेतलं मूल फळ्याकडे बघतं तसे.

"काय बोलायची ती, वहिनी?"

"काही नाही. गप्प असायची. चहा गार व्हायचा." काकूंनी जरा आठवलं. "हां, एकदा म्हणाली होती. हमीदा, आज ती चाळीसची झाली असती. तिचे केस पिकले असते का गं?"

बाबा हसले. त्यांच्या छातीतून तो आवाज आला तेव्हा आधी मला ओळखताच आला नाही.

"पिकले असते," ते म्हणाले. "आमच्याकडे लवकर पिकतात. मिनूचे बघा."

"मिनूचे तर पस्तिशीतच," काकू म्हणाल्या. "मग ती रंग लावणारी असती की तशीच राहणारी?"

"तशीच. तिच्या आईची मुलगी ती."

"आणि नोकरी?"

"सरकारी नको. सरकारी नाही करू द्यायची तिला." बाबांनी हाताने हवेत काहीतरी बाजूला सारलं. "बँक. किंवा शिकवणं."

"शिकवणं बरं. सुट्ट्या असतात."

"पण तापट. लहानपणीच दिसत होतं."

मी कठड्याला टेकून उभी होते. खाली कारखान्याची पाळी सुटली होती आणि लोक चहाच्या टपरीकडे चालले होते. माझ्या मागे दोन म्हातारी माणसं वाद घालत होती, तिचं लग्न दिल्लीत झालं असतं की मिरजेकडे, तिला चष्मा कोणत्या वर्षी लागला असता, भाकरी करता आली असती का. काकूंनी दोनदा चहा केला. दोन्ही वेळा गरम असतानाच संपला. ऊन टाकीच्या वर चढून पलीकडे गेलं तरी कोणी उठेना, आणि मीही घाई केली नाही, कारण ती माझ्यापेक्षा उंच होती हे नुकतंच ठरलं होतं आणि आवाज कोणासारखा, यावर अजून एकमत व्हायचं होतं.